क्रियापदांचा शेजार

आमच्या पिढीची इंग्रजी क्रियापदांशी ओळख झाली ती तीन स्तंभांच्या एका कोष्टकातून. घरी वडील तर्खडकर भाषांतर पाठमालेतील वाक्ये घालीत आणि शाळेत मास्तर ते कोष्टक म्हणवून घेत. 'गो, वेन्ट, गॉन', 'सी, सॉ, सीन', 'ड्रिंक, ड्रँक, ड्रंक' अशा त्रिपदी आम्ही पाढ्यांच्याच चालीवर म्हणत असू, आणि त्यांच्यामागे काही व्यवस्था असेल अशी शंकासुद्धा आमच्यापैकी कोणाच्या मनाला शिवत नसे. त्याच बाकांवर, लगतच्या तासाला, संस्कृतचे शास्त्रीबुवा 'गच्छति, गच्छतः, गच्छन्ति' म्हणवून घेत, तेव्हा मात्र आपण काही नियमबद्ध असे म्हणत आहोत, ही जाणीव अस्पष्टपणे का होईना, होत असे. संस्कृतला व्याकरण असते आणि इंग्रजीला केवळ अपवाद असतात, असा एक समज त्या वयात करून घेतला गेला, आणि पदवी मिळेपर्यंत तो बिनतक्रार टिकला. पुढे तो मोडला, पण इंग्रजीच्या अध्ययनाने नव्हे, जर्मनच्या.

जर्मन शिकण्याचे माझे प्रयोजन साहित्यिक मुळीच नव्हते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी चिंचवडच्या एका कारखान्याच्या तांत्रिक दफ्तरात रुजू झाले, तेव्हा तेथील कपाटांत जर्मन यंत्रांबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकांचे गठ्ठे पडून होते, आणि त्या पुस्तिका वाचू शकेल असे माणूस मात्र सबंध कारखान्यात नव्हते. साहेबांनी विचारले, मी होकार दिला, आणि दिवसा नोकरी व सायंकाळी फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत जर्मनचा वर्ग असा क्रम सुरू झाला. वर्गात परदेशी जाऊ इच्छिणारे तरुण अभियंते होते, एक वकील होते, आणि निवृत्तीनंतर हौसेने आलेले संस्कृतचे एक वृद्ध शिक्षकही होते. त्यांना आम्ही सारे, वर्गाच्या बाईंसह, गुरुजी म्हणत असू. त्या वर्गात मला जे मिळाले त्यातील निम्मे बाईंनी दिले आणि निम्मे गुरुजींनी, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल.

बाईंची पद्धत जुनी होती. 'इश गेए, डू गेस्ट, एअर गेट, विअर गेएन, ईअर गेट, झी गेएन' हे सहा पुरुषवचनांचे रूप साऱ्या वर्गाने एका सुरात म्हणावयाचे, मग एकेकाने, मग उलट्या क्रमाने, आणि मग बाई नुसते सर्वनाम उच्चारतील तेव्हा ज्याच्याकडे त्यांची नजर जाईल त्याने श्वास घेण्यापूर्वी रूप द्यावयाचे. कोणी 'असे का?' म्हणून विचारले की त्या शांतपणे म्हणत, "कारण मागाहून विचारा, आधी रूप म्हणा." अभियंत्यांना ही घोकंपट्टी बालिश वाटे, आणि आजकालच्या अध्यापनशास्त्रातही तिला प्रतिष्ठा नाही; संभाषणातून व्याकरण आपोआप उलगडते, असे आता सांगितले जाते. मला मात्र अनुभवाने असे वाटते, की ज्याच्या जिभेवर रूप बसलेले नाही त्याला त्या रूपाचे कारण सांगून काही उपयोग नसतो. कारण समजण्यासाठी जो पदार्थ हाताशी असावा लागतो तोच त्याच्यापाशी नसतो. ज्या दिवशी कारण कळले, त्या दिवशी ते ज्याला लागू करावयाचे ती रूपे माझ्यापाशी आधीच साठलेली होती, आणि त्याचे श्रेय त्या सामूहिक घोषालाच आहे.

मराठी विद्यार्थ्याला जर्मन क्रियापद जितके परके वाटावयास हवे तितके ते वाटत नाही, हे पहिल्याच काही आठवड्यांत ध्यानात आले. 'मी जातो, तू जातोस, तो जातो, तुम्ही जाता, ते जातात' अशी पुरुषागणिक शेवट बदलणारी रूपे ज्याच्या तोंडात जन्मापासून आहेत, त्याला 'डू गेस्ट'मधील 'स्ट' कशासाठी, हे समजावून द्यावे लागत नाही; उलट मराठीत त्याखेरीज लिंगही सांभाळावे लागते, आणि जर्मन क्रियापदाने निदान तेवढी सूट दिलेली आहे. मोठ्या माणसाला संबोधताना जर्मन भाषा 'झी' हे सर्वनाम व त्याबरोबर तृतीय पुरुषाचे अनेकवचन वापरते. अभियंत्यांपैकी जे इंग्रजी माध्यमात शिकलेले होते ते या ठिकाणी अडखळत; पण 'गुरुजी आले, गुरुजी बसले' असे एका माणसाविषयी अनेकवचनात बोलणाऱ्या आम्हा उरलेल्यांना आदराचा हा मार्ग ओळखीचाच वाटला. तीच गोष्ट गौण वाक्याची. 'व्हाइल इश क्रांक बिन' यात क्रियापद अखेरीस का जाते, हा प्रश्न इंग्रजीच्या सवयीचा आहे. 'मी आजारी आहे म्हणून' असे म्हणणाऱ्याला तो पडत नाही.

उपसर्ग क्रियापदापासून तोडून वाक्याच्या टोकाला नेण्याची जर्मन भाषेची रीत मात्र आम्हाला सर्वांनाच विचित्र वाटली. 'आउफश्टेएन' म्हणजे उठणे. पण 'मी सहा वाजता उठते' असे म्हणताना 'इश श्टेए उम झेक्स उअर आउफ', म्हणजे धातू वाक्याच्या आरंभापाशी आणि उपसर्ग थेट शेवटी, मध्ये हवा तेवढा मजकूर. एका अभियंत्याने हे भाषेचे वेडेपण आहे असा अभिप्राय दिला, तेव्हा आजवर गप्प बसून पाठ म्हणणारे गुरुजी प्रथमच बोलले. वेदांच्या भाषेत, ते म्हणाले, उपसर्ग असाच क्रियापदापासून दूर उभा राहतो. पाणिनीने छंदोभाषेसाठी त्याची स्वतंत्र तरतूद करून ठेवली आहे, आणि धातूला चिकटून राहण्याची सक्ती त्याच्यावर झाली ती नंतरच्या संस्कृतात. वेदकालीन ऋषींना जी मुभा होती ती म्युनिकच्या ट्रामवाल्याला असण्यास हरकत नसावी. वर्ग हसला, पण त्या दिवसापासून गुरुजींच्या शेजारची जागा मी सोडली नाही.

आणि मग एके सायंकाळी बाईंनी फळ्याचे दोन भाग करून डावीकडे जर्मन आणि उजवीकडे इंग्रजी क्रियापदे मांडली. 'झिंगेन, झांग, गेझुंगेन' आणि 'सिंग, सँग, संग'. 'ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन' आणि 'ड्रिंक, ड्रँक, ड्रंक'. 'बेगिनेन, बेगान, बेगोनेन' आणि 'बिगिन, बिगॅन, बिगन'. शाळेत जे कोष्टक मी केवळ अपवादांची यादी म्हणून पाठ केले होते, तेच येथे एका कुळाचा दस्तऐवज म्हणून समोर उभे होते. अंगभूत स्वर बदलून काळ दाखविणाऱ्या या क्रियापदांना याकोब ग्रिमने, म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरल्याने, १८१९ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या जर्मन व्याकरणात 'सबल' म्हटले, आणि ज्यांना भूतकाळासाठी बाहेरून प्रत्यय जोडून घ्यावा लागतो त्यांना 'दुर्बल'. 'माखेन, माख्टे' यातील 'टे' आणि 'मेक, मेड' यातील 'ड' हे एकाच प्रत्ययाचे दोन अवशेष असून, तो प्रत्यय मुळात 'करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून, म्हणजे संस्कृतातील 'धा' धातूच्या सगोत्र धातूपासून आला असावा, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. शाळेने ज्यांना नियमित म्हणून पुढे बसविले होते ती क्रियापदे अशी नंतर आलेली, आणि ज्यांना अनियमित म्हणून मागे बसविले ती या घरातील जुनीजाणती निघाली.

'गो'चे 'वेन्ट' कसे होते याचे लहानपणी फार हसू येई. 'वेन्ट' हे 'वेन्ड' या भलत्याच क्रियापदाचे रूप इंग्रजीने उचलून येथे बसविले आहे, हे कळल्यावर ते हसू अधिकच रास्त वाटले. परंतु गुरुजींनी विचारले, की 'जातो'चे 'गेला' कसे होते? मराठी 'जाणे' हे 'या' धातूपासूनचे, 'याति'मधून आलेले, आणि 'गेला' हे 'गम्' धातूच्या 'गत'पासूनचे. आम्हीही दोन धातू एका गाठोड्यात बांधून दिवसरात्र वापरत होतो आणि इंग्रजांना हसत होतो.

भूतकाळाच्या संयुक्त रूपाने मला सर्वांत अधिक दिवस गुंतवून ठेवले. जर्मनमध्ये 'मी खाल्ले' हे 'हाबेन' या साहाय्यकाने सांगतात, 'इश हाबे गेगेसेन'; आणि 'मी गेले' हे 'झाइन' या साहाय्यकाने, 'इश बिन गेगांगेन'. कोणत्या क्रियापदाला कोणता साहाय्यक, हे पाठ करण्याच्या खटाटोपात असताना मला असे दिसले, की ज्या ठिकाणी मराठीत कर्मणि प्रयोग येतो त्या ठिकाणी बहुधा 'हाबेन', आणि ज्या ठिकाणी कर्तरि त्या ठिकाणी बहुधा 'झाइन' येते. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' येथे क्रियापद कर्माच्या मागे जाते. 'मी गेले, तो आला, ती पडली' येथे कर्त्याच्या. दोन्ही भाषांत मुळाशी एक धातुसाधित विशेषणच आहे. जर्मनने त्याला 'माझ्यापाशी खाल्लेले आहे' अशा मालकीच्या रचनेत बसविले, आणि मराठीने 'माझ्याकडून खाल्ला गेलेला आंबा' या संस्कृत वळणात. हा शोध मी मोठ्या आनंदाने बाईंना दाखविला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि एवढेच विचारले, "मग झोपलो याचे काय?" मराठीत 'मी झोपले' हे शुद्ध कर्तरि, जर्मनमध्ये मात्र 'इश हाबे गेश्लाफेन'. उलट दिशेलाही तेच. 'मी धडा शिकले, मी पाणी प्याले, मी ते विसरले' यांत कर्म उघड समोर असूनही मराठी क्रियापद कर्त्याशीच इमान राखते. नियम कोसळला नाही, पण त्याच्या कडा झिजल्या. आणि खरे सांगावयाचे तर आपल्या भाषेत 'खाल्ला' आणि 'प्यालो' यांच्यात हा एवढा भेद आहे, हे मला जर्मन शिकेपर्यंत कधी जाणवलेच नव्हते. मोरो केशव दामल्यांचे १९११ साली प्रसिद्ध झालेले 'शास्त्रीय मराठी व्याकरण' त्यानंतर मी पहिल्यांदा ग्रंथालयातून आणून वाचले.

आता ज्या एका क्रियापदाने माझे इंग्रजीविषयीचे मत कायमचे पालटले त्याविषयी. 'जाणणे' या अर्थाच्या 'व्हिसेन' या जर्मन क्रियापदाची रूपे 'इश व्हाइस, एअर व्हाइस, विअर व्हिसेन' अशी होतात. येथे दोन गोष्टी खटकतात. एक तर तृतीय पुरुषाच्या एकवचनाला जो 'ट' सर्वत्र लागतो तो येथे नाही. आणि दुसरे, एकवचनात 'व्हाइस' असलेला स्वर अनेकवचनात 'व्हिसेन' असा आखडतो. बाईंनी शिरस्त्याप्रमाणे रूपे म्हणवून घेतली. आमचे म्हणून होते न होते तोच गुरुजींनी वहीच्या समासात लिहिले: 'अहं वेद, स वेद, वयं विद्म'. 'विद्' धातूचे हे परोक्ष भूतकाळाचे रूप. पण अर्थ वर्तमानाचा. पाहून झाले आहे, म्हणून आता ठाऊक आहे, अशी त्यामागची विचारसरणी. परोक्ष भूताचे प्रत्यय या धातूला वर्तमानातही विकल्पाने लागतात, हे पाणिनीने सांगून ठेवलेलेच आहे. प्रथम व तृतीय पुरुषाचे एकवचन सारखेच, एकवचनात गुण, अनेकवचनात मूळ ऱ्हस्व स्वर: संस्कृतात जे घडते तेच अक्षरशः जर्मनमध्ये घडत होते.

आणि येथून एक दार इंग्रजीत उघडत होते. जर्मनमध्ये 'इश कान, एअर कान' होते, तृतीय पुरुषाला 'ट' लागत नाही. इंग्रजीत 'ही कॅन' होते, 'एस' लागत नाही. शाळेत हा नियम आम्हाला छडीच्या धाकाने शिकविला गेला होता, 'कॅन'ला, 'शॅल'ला, 'मे'ला 'एस' लावावयाचा नाही म्हणून; का लावावयाचा नाही, याची चौकशी कोणी केली नाही आणि केली असती तरी उत्तर मिळाले नसते. उत्तर असे, की ही सारी रूपे 'वेद'सारखीच जुनी भूतकाळी रूपे असून कालांतराने वर्तमानात रूढ झाली आहेत, आणि भूतकाळाच्या तृतीय पुरुषाला 'एस' लागत नाही एवढ्याचसाठी त्यांना तो आजही लागत नाही. नगरच्या एखाद्या शाळेत 'ही कॅन्स' लिहिल्याबद्दल ज्या मुलाचे गुण कापले जातात, ते अशा एका नियमानुसार कापले जातात, ज्याचा साक्षीदार ऋग्वेदात उभा आहे.

हे सारे काही आमच्या वर्गाने नव्याने शोधले नव्हते, हे उघडच आहे. फ्रान्त्स बॉप या जर्मन पंडिताने १८१६ साली फ्रँकफुर्ट येथे जो ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ज्यापासून तौलनिक भाषाशास्त्राचा आरंभ मानतात, त्याचा विषयच मुळी संस्कृत क्रियापदांची रूपव्यवस्था आणि तिची ग्रीक, लॅटिन, पर्शियन व जर्मानिक भाषांतील रूपव्यवस्थेशी तुलना हा होता. सबंध शास्त्राचा पाया नामावर नव्हे, शब्दसंग्रहावर नव्हे, तर क्रियापद चालविण्यावर घातला गेला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. शब्द एका भाषेतून दुसरीत उसने जातात, पण 'व्हाइस' आणि 'व्हिसेन' यांच्यातील स्वरभेद कोणी कोणाकडून उसना घेत नाही. पुण्यालाही या इतिहासात आपला वाटा आहे. फ्रान्त्स कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते आणि पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही प्रमाण धरतात, पुढे पां. दा. गुणे यांनी तौलनिक भाषाशास्त्राचा परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक पुण्यातूनच १९१८ साली प्रसिद्ध केले. गुरुजींच्या पिशवीत त्याची एक जीर्ण प्रत असे.

'वॉज' आणि 'वेअर' यांचे कोडे त्यांनी मला त्याच सुमारास सोडवून दाखविले. एकवचनात 'स' आणि अनेकवचनात 'र' का? कार्ल व्हेर्नर नावाच्या डॅनिश अभ्यासकाने १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखविले, की प्राचीन जर्मानिक भाषेत हा व्यंजनभेद शब्दावरील आघाताच्या जागेवर अवलंबून होता, आणि ती जागा कोणती होती हे वैदिक संस्कृताच्या उदात्त स्वरावरून कळते. 'वेद'मध्ये आघात धातूवर, 'विद्म'मध्ये प्रत्ययावर. तसेच 'वस्' म्हणजे राहणे, या धातूच्या परोक्ष भूतात एकवचनी आघात धातूवर आणि अनेकवचनी प्रत्ययावर. धातूवर आघात होता तेथे 'स' तग धरून राहिला, नव्हता तेथे तो मऊ पडत पडत 'र' झाला. 'उवास' आणि 'ऊषुः' यांचे इंग्रज भाईबंद म्हणजे 'वॉज' आणि 'वेअर'. 'बी' आणि 'बीन' हे 'भू' धातूचे, 'इज' आणि 'अॅम' हे 'अस्'चे, 'वॉज' हे 'वस्'चे: एवढे एक क्षुल्लक क्रियापद चालविण्यासाठी इंग्रजी भाषा तीन धातूंना कामाला लावते, आणि 'बिन, इस्ट, व्हार' म्हणणारी जर्मनही त्याच तिघांना.

इतके झाल्यावर इंग्रजी सोपी वाटावयास हवी होती. रूपे पाहिली तर खरोखरच ती सोपी आहे. जर्मनने सहा पुरुषवचनांसाठी जे शेवट सांभाळले त्यांतील एक 'एस' तेवढा इंग्रजीने ठेवला आणि बाकीचे सोडून दिले. परंतु मला असे आढळले, की इंग्रजीने रूपांची जकात माफ केली ती पुढच्या नाक्यावर दामदुप्पट वसूल करण्यासाठी. जर्मन माणूस 'उद्या मी येतो' असे वर्तमानकाळानेच सांगतो, 'इश कोमे मॉर्गेन', आणि आपणही तसेच सांगतो. इंग्रजीत तेवढ्यासाठी 'विल' की 'गोइंग टु' की 'अॅम कमिंग', याचा निवाडा करावा लागतो. 'इश हाबे इन गेस्टर्न गेझेएन', मी त्याला काल पाहिले आहे, यात जर्मनला काही वावगे वाटत नाही. इंग्रजीत 'यस्टरडे' हा शब्द येताच 'हॅव सीन' हे रूप तत्काळ निषिद्ध होते. साधा प्रश्न विचारावयाचा तर 'डू' नावाच्या, स्वतःचा अर्थ गमावून बसलेल्या साहाय्यकाची परवानगी घ्यावी लागते, आणि जर्मन मात्र क्रियापद नुसते पुढे आणून 'कोम्स्ट डू?' म्हणून मोकळी होते. ज्या भाषेत रूपे थोडी तेथे त्यांच्या योजनेचे नियम कडक, असा माझा अनुभव आहे. शाळेत आम्ही इंग्रजीची रूपे पाठ केली आणि इंग्रजी येते असे समजलो. तिचे खरे कठीण प्रकरण योजनेत आहे आणि ते कोष्टकात मावत नाही, हे मला जर्मनच्या शेजारी तिला उभे केल्यावर कळले.

कारखान्यातील काम या साऱ्या विवेचनाहून फार रुक्ष होते, पण क्रियापदावाचून तेथेही काही चालत नव्हते. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत 'तुम्ही' नसते, कर्ता नसतो, असतो तो केवळ आदेश. 'डेअर ओलश्टांट इस्ट टेग्लिश त्सु प्र्युफेन': तेलाची पातळी रोज तपासावी. 'इस्ट' आणि 'त्सु' यांच्यामध्ये बांधलेले हे विधिरूप इंग्रजीत आणताना 'मस्ट बी चेक्ड' असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. मराठीत मात्र 'तपासावी', 'भरावे', 'आवळावेत' अशा एकेका शब्दात ते बिनबोभाट उतरते, कारण 'अर्ज मुदतीत सादर करावा' असे लिहिणाऱ्या आपल्या कचेरीच्या मराठीला कर्त्याशिवाय हुकूम सोडण्याची पिढीजात सवय आहे. 'झाकण उघडण्यापूर्वी यंत्र बंद करावे' या वाक्याचे मूळ 'फोर डेम ओफ्नेन डेअर हाउबे इस्ट दी माशीने आउसत्सुशाल्टेन' असे होते. 'आउस' आणि 'शाल्टेन' यांच्या मधोमध 'त्सु' बसविलेले ते लांबलचक रूप एकदा डोळ्यांनी ओळखता येऊ लागले, की पानभर मजकुरातील आदेश कोणते आणि वर्णन कोणते, हे न वाचताच दिसू लागते.

एकदा शॉपमधून एक ज्येष्ठ फिटर हातात इंग्रजी पुस्तिका घेऊन माझ्या टेबलाशी आले. यंत्राबरोबर आलेले ते इंग्रजी भाषांतर कोणी केले होते, कोण जाणे. त्यांनी एका ओळीवर काळे बोट ठेवले आणि म्हणाले, "बाई, हा कागद म्हणतो ह्या बेअरिंगला ग्रीस भरू नका. मग त्या लोकांनी हा निपल कशाला ठेवलाय?" ओळीत 'मस्ट नॉट' होते. मी कपाटातून मूळ जर्मन प्रत काढली. तेथे 'मुस निश्ट' होते. जर्मनमध्ये 'मुस निश्ट' म्हणजे करावे लागत नाही, गरज नाही. मनाई करावयाची असेल तर 'डार्फ निश्ट' म्हणावे लागते. इंग्रजी 'मस्ट' आणि जर्मन 'म्युसेन' हे सख्खे भाऊ, दोघेही 'वेद'च्याच पंगतीतले. पण नकार पुढे आला की एक करू नका म्हणतो आणि दुसरा नाही केले तरी चालेल म्हणतो. बेअरिंग नवे असताना पहिल्या काही तासांत पुन्हा ग्रीस भरण्याची आवश्यकता नाही, एवढेच मूळ लेखकाला सांगावयाचे होते. फिटरने ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे भरायलाच पाहिजे असं नाही, भरता कामा नये असंही नाही." दोन साहाय्यकांतील तो भेद त्यांनी एका दमात मराठीत मांडला, आणि मी तो तसाच, पेन्सिलीने, पुस्तिकेच्या समासात टिपून ठेवला. पुढे भाषांतराच्या कामावर नवीन माणूस आले की त्याला मी प्रथम ते पान दाखवीत असे. अशा ठिकाणी नियम आठवून अर्थ लावण्याइतकी उसंत नसते. शॉपमधला माणूस उभा असतो, यंत्र थांबलेले असते, आणि बाईंनी श्वास घेण्यापूर्वी रूप देण्याची जी सवय लावली होती तीच उपयोगी पडते.

नोकरी संपल्यानंतर मी काही विद्यार्थ्यांना घरी जर्मन शिकवू लागले. सबल क्रियापदांचे कोष्टक त्यांना आवडत नाही, आणि ते दिवसेंदिवस लहान होत चालले आहे हे सांगितले म्हणजे त्यांना बरे वाटते. 'बाकेन'चा भूतकाळ 'बूक' होता, आता सर्रास 'बाक्टे' म्हणतात. इंग्रजी 'हेल्प'चे 'होल्प' होते, ते केव्हाच 'हेल्प्ड' झाले. २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा मागोवा घेतला होता. त्यांतील ९८ आज अनियमित उरली आहेत, आणि जी शब्दयोजनेत वारंवार येतात तीच प्रामुख्याने टिकली आहेत. जे रोज तोंडात असते त्याला बदलण्यास सवड मिळत नाही. याउलट भाषेत नव्याने येणारे प्रत्येक क्रियापद दुर्बलांच्या रांगेत उभे राहते. विद्यार्थ्यांना 'डाउनलोडेन' हे क्रियापद फार प्रिय आहे, कारण जर्मन भाषेने त्यातील 'डाउन'ला चक्क आपला उपसर्ग ठरवून, 'गे' हा प्रत्यय मध्ये घुसवून, 'डाउनगेलोडेट' असे रूप सिद्ध केले आहे.

मराठी असे करीत नाही, अशी तक्रार परवा एका विद्यार्थिनीने मांडली. आपण 'डाउनलोड केले' म्हणतो, परक्या शब्दाला 'करणे'च्या हवाली करून मोकळे होतो. तिचे म्हणणे इंग्रजी शब्दांपुरते बरेचसे खरे आहे, पण पूर्वी आपण इतके संकोची नव्हतो. फारसीतून आलेल्या शब्दांना थेट धातू करून आपण 'फर्मावले', 'बक्षिले', 'आजमावले', 'बदलले' असे चालविले, आणि ते परके आहेत हे आज सांगावे लागते. यावर शेजारचा मुलगा म्हणाला, "पण काकू, गुगलून बघ असं म्हणतोच की आम्ही." वर्गात थोडा वाद झाला, हे मराठी आहे की थट्टा, याविषयी. मी त्यांना त्याचा भूतकाळ चालवून दाखविण्यास सांगितले. 'मी ते गुगललं', सर्वांनी एकदम म्हटले, मुलांनी आणि मुलींनीही. 'गुगललो' किंवा 'गुगलले मी' असे कर्त्याच्या मागे जाणारे रूप एकाच्याही तोंडून आले नाही.